तीन सरळ, एक आडवा

सुईकाकूंना गोधड्या शिवायचा कधी म्हणून कंटाळा येत नाही, असं गल्लीतले लोक छातीठोकपणे सांगतात. साफ खोटं आहे ते. काकूंना कंटाळा येतो, रोज येतो, सकाळी चहाचा कप विसळताना येतो आणि संध्याकाळी इस्त्रीची वायर गुंडाळताना दुप्पट येतो. बेचाळीस वर्षं एकच काम केल्यावर कोणालाही येईल. विचारलं तर त्या तसं तोंडावर सांगतातही. मग लोक म्हणतात, सोडा ना काकू आता. सोडा म्हणायला काय जातंय त्यांचं!

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, मशीनच्या पायाशी चिंध्यांचे तीन डबे. एक गडद कापडांचा, एक फिक्यांचा, आणि तिसरा ज्यांचं काय करावं ते कळत नाही त्यांचा. तिसरा डबा कायम सर्वांत भरलेला. खिडकीसमोर छापखान्याची मागची भिंत, त्यामुळे नीट उजेड सकाळी अकरा ते दुपारी तीन एवढाच. कापायचं काम त्या चार तासांत उरकायचं. जोडणं, इस्त्री, टाके घालणं दिव्याखालीही चालतं, पण कात्री दिव्याखाली चालवायची नाही हा काकूंचा नियम.

आता, काकूंची गोधडी म्हणजे जुन्या कपड्यांची नुसती थप्पी नव्हे. ती चौकोनांची. वीतभर चौकोन, तो वेगवेगळ्या तुकड्यांतून जोडायचा, आणि असे चौकोन मग एकमेकांना जोडत न्यायचे. प्रत्येक चौकोनाची कापायची रीत वेगळी, आणि प्रत्येकाला नाव. नाव नसेल तर काकूंना तो कापताच येत नाही. कागदावर आकृत्या काढून ठेवून बघितल्या त्यांनी. कागदांवर चहा सांडला, उरलेल्यांची लेकाने लहानपणी विमानं केली. नाव मात्र कुठे जात नाही. ‘पाहुणे उठेनात’ म्हटलं की हात आपोआप चार रुंद तुकडे कापतात, मधोमध ठाण मांडून बसलेले. ‘आत्याबाईंचं नाक’ म्हटलं की एक लांबलचक निमुळता काप, आणि बाकीचे तुकडे त्याला वाट करून देत दोन बाजूंना सरकलेले. आत्याबाई म्हणजे काकूंची नणंद, पहिल्या मजल्यावर राहते. तिला हे नाव माहीत आहे आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने तो चौकोन दाखवते. काही माणसांच्या मनाला काहीच लागत नाही, बरं असतं त्यांचं.

नाव कसं सुचतं, असं लोक विचारतात. त्यांना वाटतं, काकू खिडकीत बसून विचार करत असतील. कसला विचार आणि कसलं काय! नवीन चौकोनाची शेवटची शिवण मारायची, इस्त्री फिरवायची, तो पलंगावर पसरायचा आणि दारात जाऊन तिथून त्याच्याकडे बघायचं. जवळून सगळेच चौकोन देखणे दिसतात. त्यांचा खरा चेहरा दारातून कळतो. ती शेवटची शिवण मारताना घरात जे बोलणं चाललं असेल, त्यातला जो शब्द तोंडात घोळत राहिला असेल, तो दारात उभं राहून मोठ्याने म्हणायचा. बसला तर बसला. नाही बसला तर पुन्हा दुसऱ्या दिवशी. पण एकदा बसला की बदलायचा नाही, कारण हातांनी तो ऐकलेला असतो.

‘लिफ्ट बंद’ असाच पडला. त्या महिन्यात इमारतीची लिफ्ट बंद होती, आणि काकूंचा लेक लिफ्ट दुरुस्तीच्याच कामाला. म्हणजे गावभरच्या लिफ्टा चालू आणि आई जिने चढतेय. चौकोनही तसाच, पायऱ्यापायऱ्यांचा, वर जाऊन कुठेच न पोहोचणारा. ‘ऐकू येत नाही’ हा कोपऱ्यावरच्या शिंप्याचा. त्याच्याकडच्या चिंध्या काकू घेतात, आणि चांगलं कापड मागितलं की त्याचे कान बंद होतात. ‘सहा महिनेच’ हा शेजारी राहून गेलेल्या भाडेकरूंचा. चांगली माणसं होती ती, पण टिकली नाहीत.

आणि एक चौकोन होता ज्याचं नाव काकू कोणाला सांगत नसत.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. लेकाचं लग्न होऊन आठवडा झाला होता. सून घरात नवी, हळू बोलायची, दार वाजवून खोलीत यायची. स्वतःच्या घरात कोणी दार वाजवतं का? काकूंना त्याचाच वैताग. सुनेच्या आईने भांडी एका पिवळ्या रेघारेघांच्या कापडात बांधून दिली होती. सुनेने ते कापड धुऊन, घडी घालून काकूंपुढे ठेवलं. ‘‘तुमच्या कामाला येईल, आई.’’ काकू तेव्हा निळ्या कापडांचा एक नवा चौकोन जुळवत होत्या. तीन कोपरे झाले होते, चौथ्याला निळं पुरेना. घेतलं ते पिवळं. पण कापताना गडबड झाली आणि रेघा उभ्याच्या आडव्या गेल्या. तीन सरळ, एक आडवा. उसवायचा कंटाळा आला म्हणून काकूंनी तसाच जोडला. शेवटची शिवण मारत होत्या तेवढ्यात आत्याबाई वर आली आणि सून मागच्या खोलीत आहे असं बघून हलकेच म्हणाली, ‘‘काय गं, कशी आहे?’’

‘‘कशी असायचीय,’’ काकू म्हणाल्या. ‘‘परकी आहे अजून.’’

आत्याबाई गेली. इस्त्री फिरवून चौकोन पलंगावर पसरला, काकू दारात गेल्या, वळून बघितलं. तोंडात तोच शब्द होता. आणि तो असा काही बसला, असा काही बसला की काकू स्वतःच चपापल्या. तीन निळे कोपरे आपापसात बोलत असल्यासारखे, आणि चौथा आडवा, सगळ्यांचं लक्ष वेधून घेणारा. त्या एका कोपऱ्यामुळे चौकोनात जीव आला होता. दुष्टावा म्हणून दिलेलं नाव नव्हतं ते, आपसूक पडलेलं होतं. पण हे सुनेला कोणत्या तोंडाने सांगायचं?

तिने विचारलं होतं एकदा. ‘‘आई, याचं नाव काय?’’

‘‘त्याला नाव पडलंच नाही,’’ काकूंनी सांगून टाकलं.

सुनेने मान डोलावली. पुन्हा कधी विचारलंही नाही. ती रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला जायची, सकाळी सातला बाहेर पडली की चारला परत, हाताला साबणाचा उग्र वास, पाय सुजलेले. म्हणजे अकरा ते तीन घरात काकू एकट्या. त्या वेळात त्या कापायच्या आणि कापताना प्रत्येक चौकोनाचं नाव पुटपुटत राहायच्या. ‘‘परकी... परकी...’’ म्हणत तीन कापडं एकावर एक सरळ लावायची, चौथं बाजूला काढून आडवं धरायचं. पिवळं कापड केव्हाच संपलं, पण कुठलंही वेगळं कापड आडवं धरलं की काम भागायचं. संध्याकाळी सून कापलेले तुकडे मशीनवर जोडून द्यायची, हू की चू न करता. नऊ वर्षं हे असं चाललं, आणि गिऱ्हाइकं सर्वांत जास्त मागायची तो हाच चौकोन.

या वर्षी काकूंचा उजवा डोळा अंधुक झाला. डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं, आणि पुढच्या वर्षापर्यंत बारीक काम बंद करायची तयारी ठेवा म्हणून सांगितलं. घरी येताना काकू रस्ताभर एकच विचार करत होत्या. कात्री आता सुनेच्या हातात द्यायची. दुसरं होतं कोण? लेकाला सुईत दोरा ओवता येत नाही. सुनेने कात्री घेतली तर काम टिकेल, आणि आपलं पुढचं म्हातारपणही तिच्याच हातात. पण कात्री द्यायची म्हणजे नावं द्यायची, सगळी. आणि ते एक नाव ऐकून ही पोर आपल्याकडे पाठ फिरवेल, ही भीती काकूंना होती. म्हणून त्या आज सांगू उद्या सांगू करत राहिल्या.

त्यातच दुकानवाल्या बाई आल्या. हातकामाच्या वस्तूंचं दुकान त्यांचं, मोठ्या रस्त्यावर. काकूंच्या गोधड्या तिथेच विकायला जायच्या. बाई म्हणाल्या, ‘‘काकू, प्रत्येक गोधडीला आता एक छोटं कार्ड लावणार आहे. चौकोनाचं नाव लिहिलेलं. लोकांना आवडतं हो. मला यादी द्या.’’

यादी लिहायला बसली सून, कारण अक्षर तिचं चांगलं. काकू सांगत गेल्या. पाहुणे उठेनात. लिफ्ट बंद. आत्याबाईंचं नाक. सून लिहिता लिहिता हसत होती, आणि तिला हसताना बघून काकूंनाही बरं वाटत होतं. मग ती थांबली. ‘‘आणि तो बिननावाचा?’’

‘‘चांदणी लिही,’’ काकू म्हणाल्या.

‘‘चांदणी?’’ सुनेने वर बघितलं. काकूंच्या तोंडी असली गुळगुळीत नावं तिने कधी ऐकली नव्हती. पण तिने लिहिलं.

आठ दिवसांनी बाईंचा निरोप आला. एका पाहुणेघरासाठी चार गोधड्या हव्यात, सगळ्या चांदणीच्या. एकीचा नुसता वरचा थर, अस्तर लावायच्या आधीचा, दाखवायला आणा. नेमकी त्याच आठवड्यात धुलाईघराची भट्टी बिघडली आणि सुनेला सुट्टी मिळाली. ‘‘चला, मी दिवसभर मदत करते,’’ म्हणून ती काकूंसमोर येऊन बसली. तिने मनापासून म्हटलं होतं. काकूंची मात्र पंचाईत झाली.

कापताना पुटपुटायचं कसं? काकूंनी ओठ आवळून ठेवले. सून विचारायची, ‘‘आई, चांदणीला गडद किती काढू?’’, ‘‘आई, चांदणीचं झालं का?’’ काकूही मग हट्टाने तेच म्हणू लागल्या, चुकून खरं तोंडातून निसटू नये म्हणून. चांदणी, चांदणी, चांदणी. पहिल्या दिवशी जीभ अडखळली. दुसऱ्या दिवशी सरावली. मान दुखत होती, उजव्या डोळ्यापुढे धुकं होतं, आणि हात सांगितलेलं काम करत होते. कापडं एकावर एक ठेवायची, कात्री चालवायची, बाजूला सारायचं. सून जोडत गेली. छत्तीस चौकोन झाले, एकमेकांना जोडले गेले, इस्त्री झाली. दोघींची कंबर मोडली, पण थर वेळेत झाला.

लेक तो दुकानात देऊन आला. दुसऱ्याच दिवशी बाई स्वतः थर घेऊन जिना चढून आल्या. आल्या आल्या पाणी मागितलं, मग थर पलंगावर पसरला.

‘‘काकू, रागावू नका. पण हे ते नाही.’’

‘‘ते नाही म्हणजे?’’

‘‘शिवण सुरेख आहे. पण नेहमीच्या चौकोनात काहीतरी असतं, नजर तिथे जाऊन थांबते. यात सगळं सारखं आहे. नुसतं झोपलंय हे.’’

बाई चहा न घेताच गेल्या. काकू वाकून, डावा डोळा कापडाजवळ नेऊन बघू लागल्या, एक चौकोन, दुसरा, दहावा. चारही कोपरे सरळ. छत्तीसच्या छत्तीस चौकोनांत चारही कोपरे सरळ. आडवा एकही नाही. बेचाळीस वर्षांत काकूंनी अशी चूक केली नव्हती. चांदणी म्हणत म्हणत त्यांच्या हातांनी चांदणीच कापली होती. चांदणीची टोकं सारखीच असायची, त्यात हातांचा काय दोष?

काकू पलंगाच्या कडेला बसल्या.

‘‘मी चुकीचं जोडलं का?’’ सुनेने विचारलं. तिचा चेहरा उतरला होता.

‘‘नाही गं.’’

‘‘मग काय चुकलं ते सांगा तरी. मला कापायचं कळत नाही, मी तुम्ही दिलं तसं जोडलं.’’

आता ही पोर नसलेला दोष स्वतःच्या माथी घेणार हे काकूंना दिसलं. आणि त्यांना एकदम सगळ्याचाच शीण आला. लपवण्याचा, जपून बोलण्याचा, नऊ वर्षं ओठ आवळून धरण्याचा. काय होईल ते होवो.

‘‘नाव चुकलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘याचं नाव चांदणी नाही. याला नाव आहे, पहिल्यापासून आहे. मी तुला खोटं सांगितलं.’’

‘‘काय नाव आहे?’’

‘‘परकी.’’

काकू घाईघाईने सगळं सांगत सुटल्या. तो आठवडा, निळं कापड पुरलं नाही ते, आत्याबाईचं येणं, तोंडात राहिलेला शब्द. पिवळं कापड आडवं गेलं ते चुकून. नाव पडलं तेही चुकून. ‘‘माझ्या मनात वाईट नव्हतं गं,’’ असं त्या दोनदा म्हणाल्या. मग सांगण्यासारखं काही उरलं नाही.

‘‘माझ्यावरून पडलं?’’ सुनेने विचारलं.

‘‘हो.’’

‘‘म्हणजे माझा आहे एक.’’

काकूंना कळेना. ‘‘काय एक?’’

‘‘चौकोन.’’ सून पुढे म्हणाली. ‘‘नऊ वर्षं मी मोजतेय, आई. आत्याबाईंचा आहे. शिंप्याचा आहे. खालच्या लंगड्या कुत्र्याचासुद्धा आहे. सहा महिने राहून गेलेल्या माणसांचा आहे. फक्त माझा नाही. संध्याकाळी मी जोडायला बसते तेव्हा रोज वाटायचं, इतकी वर्षं या घरात वावरतेय मी, आणि यांच्या तोंडात माझ्यावरून एक शब्दसुद्धा राहिला नाही. चांगला जाऊ दे, वाईटसुद्धा नाही.’’

काकूंनी तिच्याकडे बघितलं. नाव ऐकून हिला लागेल म्हणून लपवलं, आणि त्या लपवण्यानेच ही नऊ वर्षं दाराबाहेर उभी राहिली. आपल्याच घरात, आपल्याच मशीनवर बसून, दुसऱ्यांच्या नावांचे चौकोन जोडत राहिली. काकूंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, चांगल्या डोळ्यातून आणि अंधुक डोळ्यातून सारखंच.

‘‘बदलू का गं नाव?’’ त्यांनी विचारलं. ‘‘तू सांगशील ते ठेवू. शिकेन मी नव्याने.’’

‘‘काही नको. खरं होतं ते. परकीच होते मी तेव्हा, आणि तुम्ही मला काय कमी परक्या होतात?’’ सुनेने पदराने नाक पुसलं. ‘‘लागलं ना, लागायचं कसं राहील? पण असू दे. माझं आहे ते.’’

तिने यादीचा कागद शोधून काढला, चांदणीवर काट मारली आणि शेजारी आपल्या सुबक अक्षरात खरं नाव लिहिलं. मग पलंगावरचा थर ओढून घेतला आणि पहिल्या चौकोनाचा चौथा कोपरा बोटांनी चाचपून पाहिला.

‘‘छत्तीस कोपरे उसवायचे,’’ ती म्हणाली. ‘‘आडवं कसं धरायचं ते मला दाखवाल ना? कापते मीच.’’

‘‘दाखवीन. पण आत्ता नको गं. आत्ता अंगात त्राण नाही.’’

‘‘मला तरी कुठे आहे,’’ सून म्हणाली. ‘‘सरका जरा.’’

काकू सरकल्या. ती त्यांच्या शेजारी, भिंतीला पाठ टेकून बसली.